अंगणातील आम्रपाली

आंबा खाऊन झाला की कोय परसात टाकावी, पावसाच्या पहिल्या सरींबरोबर ती रुजावी, आणि तिची तांबूस कोवळी पाने पाहून घरातील मुलांनी आनंदित व्हावे, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांस आहे. पुढचा अनुभव मात्र तितकासा सुखाचा नसतो. त्या झाडास फळ धरण्यास सहा ते दहा वर्षे लागतात. तोवर त्याच्या फांद्या छपरावर येतात आणि मुळ्या भिंतीखाली शिरतात. इतकी वाट पाहिल्यावर जे फळ हाती येते, ते ज्या फळाची कोय पुरली होती त्याच्यासारखे क्वचितच असते. शिवाय एका वर्षी झाड फळांनी वाकते, तर पुढील वर्षी त्यावर मोहोरही दिसत नाही.

मग ज्यांच्यापाशी घरामागे चार-पाच मीटर लांबीरुंदीचीच जागा आहे, त्यांनी आंब्याची आशा सोडून द्यावी काय? नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात प्रसृत केलेली ‘आम्रपाली’ ही संकरित जात म्हणजे ह्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर होय. हे झाड बुटके राहते, लवकर फळावर येते आणि बहुधा दरवर्षी फळते. ही किमया कशी साधली, आणि घरच्या अंगणात तिचा लाभ घेण्यासाठी आपण स्वतः काय केले पाहिजे, हे ह्या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

कोयीतून मूळ जात का येत नाही?

आंब्याचे शास्त्रीय नाव ‘मॅन्जिफेरा इंडिका’ असे आहे. काजू, पिस्ता आणि बिब्बा हे त्याचेच कुलबांधव. त्याचा मोहोर जवळून पाहिला तर एकेका तुऱ्यावर हजार ते सहा हजारांपर्यंत बारीक फुले आढळतात. त्यांपैकी काही केवळ नर असतात, तर काही द्विलिंगी असतात. फळ धरते ते द्विलिंगी फुलांतूनच. माश्या व इतर कीटक एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलांवर नेतात. त्यामुळे हापुसाच्या फुलास शेजारच्या रायवळाचे पराग मिळणे ही नित्याची गोष्ट होय.

परागणानंतर जे फळ वाढते, त्याची साल व गर मातृवृक्षाचाच असतो. म्हणून पराग कोठूनही आले, तरी हापुसाच्या झाडावर हापूसच लागतो. परंतु कोयीच्या आतील गर्भ हा माता आणि पिता दोघांचाही वारस असतो. शिवाय आंब्याची प्रत्येक जात आनुवंशिक दृष्ट्या संमिश्र असल्यामुळे दोन कोयींना मिळालेला वारसा एकसारखा नसतो. एकाच झाडाच्या शंभर कोयी पेरल्या, तर शंभर निरनिराळी झाडे मिळतात.

ह्या नियमास एक अपवाद आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील काही जातींत, उदाहरणार्थ केरळातील ओलूर व चंद्रकारन ह्या जातींत, एकाच कोयीतून अनेक अंकुर निघतात. त्यांपैकी बहुतेक अंकुर मातृवृक्षाच्या पेशींपासूनच बनलेले असल्याने मातेसारखे निपजतात. अशा जातींना बहुभ्रूणी म्हणतात. परंतु हापूस, दशेरी, लंगडा, नीलम ह्या आपल्या नामांकित जाती एकभ्रूणी आहेत. त्या जशाच्या तशा मिळवावयाच्या तर कलमावाचून मार्ग नाही.

झाड एक वर्ष का विसावते?

आंब्याचा मोहोर सामान्यतः फुटव्याच्या टोकास येतो. आणि मोहोर येण्यापूर्वी तो फुटवा पुरेसा पक्व झालेला असावा लागतो. ज्या वर्षी झाडावर फळांचा भार मोठा असतो, त्या वर्षी त्याचे बहुतेक अन्न फळे पोसण्यातच खर्ची पडते. वाढत्या कोयींत निर्माण होणारी काही संप्रेरकेही मोहोर येण्यास विरोध करतात. नवे फुटवे उशिरा आणि थोडे येतात, व पुढील हंगामापर्यंत ते तयार होत नाहीत. परिणामी पुढील वर्षी फळ नाही. त्या रिकाम्या वर्षात झाड भरपूर पालवी काढते, आणि त्यानंतरच्या वर्षी पुन्हा लगडते. ह्यालाच आपण वर्षाआड फळणे म्हणतो.

बागाईतदारास ही खोड महाग पडते; कारण मशागत दरवर्षी करावी लागते, उत्पन्न मात्र वर्षाआड येते. पण सर्वच जाती अशा नसतात. दक्षिण भारतातील नीलम ही जात नेमाने दरवर्षी फळते. कन्याकुमारीच्या परिसरात तर ती मुख्य हंगामाबाहेरही पीक देते.

दोन जातींचा संकर

उत्तर प्रदेशात लखनौजवळ, मलिहाबादच्या परिसरात, दशेरी नावाचे खेडे आहे. तेथील एका जुन्या वृक्षापासून दशेरी आंब्याचा प्रसार झाला, आणि तो मूळ वृक्ष आजही तेथे दाखवितात. दशेरीचे फळ लांबट, गोड, सुवासिक व धागाविरहित असते. परंतु ती वर्षाआड फळते. उलटपक्षी नीलम नेमाने फळते व तिची फळे टिकतातही चांगली. परंतु गोडीत व मार्दवात ती दशेरीची बरोबरी करीत नाही, आणि कोयकिड्याचा उपद्रवही तिला फार होतो. एकीचा जो दोष, तोच दुसरीचा गुण. ह्या दोघींचे गुण एका झाडात एकत्र आणावेत, असा विचार दिल्लीच्या संशोधकांनी केला. ह्या कामात डॉ. पीयूषकांती मजुमदार ह्यांचे नाव अग्रभागी आहे.

आंब्याचा हेतुपूर्वक संकर करण्याचे प्रयत्न भारतात ह्यापूर्वीच सुरू झाले होते. १९११ मध्ये बर्न्स आणि प्रयाग ह्या दोघा संशोधकांनी पुणे येथे तसे प्रयोग केल्याची नोंद आहे. हे काम सांगावयास सोपे, करावयास कठीण. आंब्याचे फूल काही मिलिमीटरांचे असते, आणि त्यातील पाच पुंकेसरांपैकी बहुधा एकच कार्यक्षम असतो. पराग सुटण्यापूर्वी तो चिमट्याने काढून टाकावयाचा, फुलावर दुसऱ्या जातीचे पराग लावावयाचे, आणि कीटक येऊ नयेत म्हणून तुऱ्यास पिशवी बांधावयाची. एवढे करूनही हजार फुलांमागे एखादेच फळ टिकते. त्या फळाची कोय पेरून रोप वाढवावयाचे, त्याला फळ येईपर्यंत वर्षानुवर्षे थांबावयाचे, आणि फळ निकृष्ट निघाल्यास ते झाड बाद करावयाचे!

अशा परिश्रमांतून दशेरी माता व नीलम पिता असलेल्या एका रोपाची निवड झाली, तीच आम्रपाली. बौद्ध वाङ्मयात वैशालीच्या आम्रपालीची कथा आहे. तिने आपली आमराई भगवान बुद्धांस व त्यांच्या संघास अर्पण केली, असे ती कथा सांगते. त्या स्मरणाने हे नाव आंब्यास शोभून दिसते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच संस्थेने माता नीलम व पिता दशेरी अशी उलट जोडी जुळवून ‘मल्लिका’ ही दुसरी जात मिळविली. मातापित्यांची नावे तीच. पण मल्लिकेचे फळ बरेच मोठे, आणि झाडही अधिक जोमदार. आम्रपाली मात्र दोघांहूनही ठेंगणी निघाली. कोयीगणिक वारसा बदलतो हे जे वर सांगितले, त्याचे ह्याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मल्लिकेप्रमाणेच कोकणातही नीलमचा उपयोग झाला. नीलम व हापूस ह्यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात १९८१ मध्ये कोकण कृषी विद्यापीठाने प्रसृत केली. पुढे रत्ना व हापूस ह्यांच्या संकरातून अतिशय पातळ कोयीची ‘सिंधू’ ही जात १९९२ मध्ये आली.

कलम आणि त्याची लावणी

आम्रपालीचे प्रत्येक झाड हे त्या मूळ निवडलेल्या झाडाचाच एक अंश असते. कलम करताना खाली कोणत्याही रायवळ आंब्याचे रोप घेतात. त्यास खुंट म्हणतात. त्यावर इच्छित जातीची काडी बसवितात. खुंट मुळ्या पुरवितो, फळ काडीच्या जातीचे येते. कोकणात रूढ असलेली कोयकलमाची पद्धत शाळेतही करून पाहण्याजोगी आहे. ताज्या कोयी पावसाळ्याच्या आरंभी रुजवाव्यात. कारण महिन्याभरात कोयीची रुजण्याची शक्ती बहुतांशी नष्ट होते. रोप आठ ते पंधरा दिवसांचे, तांबूस व लुसलुशीत असतानाच पाच-सात सेंटीमीटरांवर छाटून त्यास उभी चीर द्यावी. तीन-चार महिने वयाच्या, टोकाचा डोळा फुगलेल्या काडीची पाने आठ-दहा दिवस आधी काढून ठेवलेली असावीत. ह्या काडीस पाचरीसारखा आकार देऊन ती चिरेत बसवावी व प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावी. तीन-चार आठवड्यांत सांधा जुळून येतो.

ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी विश्वसनीय रोपवाटिकेतून कलम आणावे. कृषी विद्यापीठांच्या व शासकीय रोपवाटिका ह्या कामी उत्तम. आणतेवेळी सांधा नीट पाहावा. नावाची चिठ्ठी सर्व कलमांना लावता येते. खरी जात कोणती हे फळ आल्यावरच कळते, आणि तेव्हा गेलेली वर्षे परत येत नाहीत.

आम्रपालीच्या बागेत दोन झाडांमध्ये व दोन ओळींमध्ये अडीच मीटर अंतर ठेवण्याची शिफारस आहे. ह्या हिशेबाने एका हेक्टरात १६०० झाडे बसतात. दहा मीटर अंतराने लावलेल्या जुन्या पद्धतीच्या बागेत तेवढ्याच जागेत १०० झाडे मावतात. ह्यावरून ही जात अंगणास किती सोयीची आहे, हे ध्यानात येईल. जागा उन्हाची व पाण्याचा निचरा होणारी असावी. उन्हाळ्यात सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणून तो तापू द्यावा. मग माती व चांगले कुजलेले शेणखत ह्यांनी भरून घ्यावा. पहिला पाऊस झाल्यावर कलम लावावे. सांधा जमिनीच्या वर राहील अशी दक्षता घ्यावी, आणि आधारास काठी द्यावी. सांध्याखालून येणारे फुटवे खुंटाचे असतात. ते वेळीच न काढल्यास काही वर्षांनी आम्रपाली मरून रायवळच उरतो.

पहिली तीन वर्षे: संयमाची परीक्षा

कलमास पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहोर येतो. तो पाहून घरच्या माणसांना हर्ष होणे स्वाभाविक आहे. परंतु हा मोहोर खुडून टाकणेच हितावह होय. कोवळ्या झाडाने फळे पोसली तर त्याची वाढ खुंटते, आणि आधीच बुटकी असलेली आम्रपाली कायमची दुबळी राहते. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळे ठेवावीत. तेव्हाही ती घोसाने लागतात, म्हणून प्रत्येक घोसातील काही लहान फळे विरळ करावी आणि वाकलेल्या फांद्यांना टेकू द्यावेत.

आम्रपालीस दरवर्षी फळ का येते, हे आता समजणे सोपे आहे. फळे उतरल्यानंतर आलेले नवे फुटवेही पुढील मोहोरापर्यंत फुलण्यास समर्थ होतात. त्यांना वर्षभराच्या विश्रांतीची गरज पडत नाही. म्हणून फळे उतरताच हलकी छाटणी, खत आणि पाणी देण्यात हयगय करू नये. ह्यावेळी जो फुटवा निघेल, त्यावरच पुढील वर्षीचे फळ अवलंबून असते.

मोहोराच्या दिवसांत तुडतुडे व भुरी ह्यांवर लक्ष ठेवावे. फळे पक्व होताना फळमाशी त्रास देते. तिच्यासाठी रक्षक सापळे मिळतात. गळलेली, किडकी फळे झाडाखाली राहू देऊ नयेत, कारण त्यांतूनच किडीची पुढील पिढी निघते.

फळ उतरणे व पिकविणे

आम्रपाली उशिरा तयार होते. उत्तर भारतात तिचा हंगाम जुलैअखेर व ऑगस्टमध्ये येतो, म्हणजे बाजारातील दशेरी सरत आलेली असताना. झाडावर फळाचा रंग फारसा पालटत नाही. म्हणून रंगावर विसंबणे धोक्याचे. देठाजवळचे खांदे भरून वर आले, आणि फळ पाण्यात टाकले असता बुडाले, म्हणजे ते तयार झाले असे समजावे. कोवळे फळ तरंगते. थोडा देठ ठेवून झेल्याने किंवा कात्रीने फळ उतरावे. देठातून निघणारा चीक अंगास लागू देऊ नये. त्याने त्वचा भाजते व फळावरही डाग पडतात.

उतरलेली फळे गवताच्या अढीत ठेवावीत. पिकताना आंबा स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतो, आणि हाच वायू पिकण्याची क्रिया जलद करतो. अढीत ऊब व वायू दोन्ही कोंडून राहतात. फळातील पिष्टाची साखर होते, आंबटपणा घटतो, पेशींना जोडणारे पेक्टिन विरघळून गर मऊ होतो. कॅल्शियम कार्बाइडची पूड वापरून फळे पिकविण्यास आपल्या देशात कायद्याने मनाई आहे. आणि त्याने फळास नुसता रंग येतो, कोवळ्या फळात गोडी उत्पन्न होत नाही.

चव घेताना

पिकलेली आम्रपाली बाहेरून साधीच दिसते. फळ लहान, बहुधा दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर, साल हिरवट-पिवळी. हापुसाच्या सोनेरी रूपाची सवय असलेल्या मनुष्यास ती कच्चीच वाटावी. परंतु चीर देताच आतून गडद नारिंगी गर दिसतो, आणि प्रथम पाहणारास त्याचे आश्चर्य वाटते. गर घट्ट, जवळजवळ धागाविरहित, कोय पातळ. गोडी दाट असून आंबटपणा अल्प. ते मार्दव व ती गोडी मातेकडून, दशेरीकडून, आलेली. फळाचा टिकाऊपणा आणि झाडाचा नेमस्तपणा पित्याकडून.

तो नारिंगी रंग केवळ शोभेचा नाही. तो बीटा-कॅरोटीन ह्या द्रव्याचा आहे, आणि नेहमीच्या व्यापारी जातींच्या मानाने आम्रपालीत ते पुष्कळ अधिक असते. आपले शरीर ह्या द्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनविते. त्या जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो, व लहान मुलांची दृष्टी कायमचीही जाऊ शकते. कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून आमरसात तुपाची धार सोडण्याची आपल्याकडील रीत चवीबरोबर पोषणाच्याही दृष्टीने योग्य आहे.

ज्यांना आंब्यात गोडीबरोबर थोडी आंबट धार व हापुसाचा तीव्र सुवास हवा असतो, त्यांना आम्रपाली काहीशी एकसुरी वाटेल. तिच्यात इतर उणिवाही आहेत. झाडाचे वय वाढते तशी फळे लहान होत जातात. दाट लावलेली झाडे न छाटल्यास एकमेकांचे ऊन अडवितात. तरीही पश्चिम बंगाल, झारखंड व ओडिशा ह्या राज्यांत तिची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली, आणि बांगलादेशातही ती ‘बारी आम-३’ ह्या नावाने स्वीकारली गेली.

शाळेसाठी तीन प्रयोग

१. मोहोराच्या एका तुऱ्यास दोरा बांधून खूण करावी. त्यावरील फुलांची अंदाजे गणना करून ठेवावी, आणि दर आठवड्यास राहिलेल्या फळांची संख्या वहीत लिहावी. शेवटी हजार फुलांमागे किती फळे उरली, ते काढावे.

२. एकाच झाडाची निरनिराळ्या आठवड्यांत उतरलेली फळे पाण्यात सोडावी. कोणती तरंगतात व कोणती बुडतात ते लिहावे. नंतर ती अढीत पिकवून चवीतील फरक नोंदवावा.

३. कैरीच्या व पिक्या आंब्याच्या फोडींवर आयोडीनच्या द्रावाचे थेंब टाकावेत. कैरीवर निळा-काळा रंग उमटतो, तो पिष्टाचा. पिक्या फोडीवर तो इतका का उमटत नाही, ह्याचे उत्तर वर आलेच आहे. ह्या फोडी मात्र खाऊ नयेत.

कोयीचा मान

कलमाची एवढी महती सांगितल्यावर कोय निरुपयोगी आहे असा कोणाचा समज होईल, तर तो खोडून काढला पाहिजे. देशातील आम्रपालीची सर्व झाडे आनुवंशिक दृष्ट्या एकच आहेत. जो रोग एका झाडास जड जाईल, तो सर्वांसच जड जाईल. उलट कोयीपासून वाढलेला प्रत्येक रायवळ स्वतंत्र असतो. दशेरी हीदेखील मुळात एका खेड्यातील कोयीतूनच उगवली होती. त्या झाडाचे फळ कोणी तरी चाखले, त्याचा गुण ओळखला, आणि ते तोडू दिले नाही. म्हणून पुढे संशोधकांना ते माता म्हणून निवडता आले. आज रस्ते रुंद करताना, बांध साफ करताना जुने रायवळ तोडले जातात, तेव्हा त्यांतील गुणही न चाखताच नाहीसे होतात.

तेव्हा घराच्या लहान अंगणात आम्रपालीचे कलम अवश्य लावावे. चार वर्षांत ते मुलांच्या हाती फळ देईल. परंतु गावाच्या पडीक जागेत, शाळेच्या कुंपणालगत, जेथे मोठा वृक्ष सुखाने वाढू शकेल अशा ठिकाणी एखादी कोयही पुरावी. तिच्यातून काय निघेल हे आज कोणासही सांगता येणार नाही. ते चाखून पाहण्याचे काम दहा वर्षांनंतर त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आहे.